पस्तीस गुंठे आणि तीन दरवाजे

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं अहमदाबादला जातोय म्हटल्यावर अम्मीनं एकच प्रश्न विचारला, "हुआं कौन है अपना?"

कुणीच नव्हतं. नातेवाईक नाही, लग्न नाही, दवाखाना नाही, कोर्टाची तारीख नाही. आपल्याकडची माणसं परगावी जातात ती या कारणांनी, किंवा मग उरुसाला. नुसतं गाव बघायला नवरा-बायको निघतात हे अम्मीच्या हिशेबात बसत नव्हतं. त्यात ते गाव अहमदाबाद. २००२ साली आमच्या घरातल्या टीव्हीवर जे दिसलं, तेव्हापासून 'गुजरात' हा शब्द अम्मी आवाज खाली करून उच्चारते. मी तिला समजावत बसलो नाही. पोरं दोन दिवस तुझ्याकडे ठेवतो म्हटलं, तेव्हा ती जरा नरमली.

गाव बायकोनं निवडलं होतं. ती मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आम्ही दोघंच, पोरांशिवाय, कुठं गेलो असं आठवत नाही. मी महाबळेश्वर सुचवलं होतं. ती म्हणाली, डोंगर काय बघायचा, तो काही सांगत नाही.

पुण्याहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी कालूपूर स्टेशनावर उतरलो. स्टेशनाच्या आवारातच विटांचे दोन उंच मिनार उभे आहेत. ज्या मशिदीचे ते, ती मशीद नाही. मिनार तेवढे राहिले, त्यांच्या आजूबाजूनं रेल्वे आली, रिक्षा आल्या, हमाल आले. मी बॅगा सांभाळत होतो आणि ती मान वर करून उभी. मागून धक्के बसत होते, तिला पत्ता नव्हता.

लॉज रिलीफ रोडला होतं. या रस्त्याचं कागदोपत्री नाव टिळक मार्ग आहे, पण ते कुणी घेत नाही. मॅनेजरनं आमची आधार कार्डं हातात घेतली, दोन्हींवरची नावं सावकाश वाचली, आणि गरम पाणी सहा ते नऊ असतं एवढंच सांगितलं. मी जे ऐकायच्या तयारीनं गेलो होतो ते तो बोलला नाही. वर खोलीत गेल्यावर बायको म्हणाली, "तुम तो लडने की तय्यारी में थे." असेल. पुण्यात भाड्याचं घर शोधताना जे ऐकलंय त्यामुळे नाव सांगायची वेळ आली की माझे खांदे आपोआप ताठ होतात. ही सवय एका मॅनेजरच्या सभ्यपणानं जाणारी नाही.

पायीच फिरायचं हे ठरलेलं होतं. त्यात काही मोठं तत्त्व नव्हतं. नकाशावर बघितलं तर कालूपूरपासून भद्रपर्यंत सगळं दोन-अडीच किलोमीटरच्या आत येत होतं, आणि आतल्या गल्ल्यांत रिक्षा शिरतच नाही. फाफडा-जलेबी खाल्ली, कटिंगहून लहान पेल्यातला गोड चहा घेतला आणि निघालो.

अहमदाबादच्या जुन्या शहराची गंमत त्याच्या पोळांत आहे. पोळ म्हणजे एक दरवाजा, आत एक गल्ली, गल्लीला फुटलेल्या खडक्या, आणि एकमेकांना टेकून उभी असलेली लाकडी नक्षीची घरं. पूर्वी रात्री दरवाजा बंद झाला की पोळ झोपायची. एकेका पोळेत एकेका जातीची, एकेका धंद्याची माणसं. लांबेश्वरच्या पोळेत दलपतराम या गुजराती कवीचं घर होतं. तिथं ओट्यावर त्यांचा धातूचा पुतळा बसवलाय, एखादा आजोबा सकाळचं ऊन खात बसावा तसा. समोरच चबुतरा आहे. चबुतरा म्हणजे खांबावर उभारलेलं पाखरांचं घर, त्यात दाणे टाकायची सोय. माणसांना राहायला जागा नाही अशा दाटीत पाखरांसाठी बांधलेली ही जागा बघून आम्हा दोघांनाही बरं वाटलं. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी मटार सोलत होती. तिनं कुठून आलात विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर म्हणाली, इथं मराठी खूप आहेत. कोणती मराठी, हे तिनं विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

पहिला तासभर मी माणसं बघत होतो आणि ती भिंती. कुठल्या गल्लीत कोणता झेंडा, कुठल्या नाक्यावर पोलीस चौकी, कुठल्या दुकानावर कोणतं नाव, हे माझे डोळे न सांगता टिपत होते. ज्याला आपलं नाव सांगताना विचार करावा लागत नाही त्याला हे कळणार नाही. औरंगाबाद, मालेगाव, मिरज, कुठंही गेलो तरी मी हेच करतो. एक गल्ली संपते, दुसरी लागते, आणि मधे जी अदृश्य रेघ असते ती पायांना कळते. बायकोला मात्र खिडकीखालच्या लाकडी घोड्यांचं कौतुक. तिनं मला दोनदा हाक मारून थांबवलं, तिसऱ्यांदा हात धरून. रस्त्यावर तिनं माझा हात धरला ही गोष्ट बार्शीत किंवा आमच्या पेठेत झाली नसती. परक्या गावाचा हा फायदा, इथं कुणी मामू-चाचू बघत नाही.

गांधी रोडवर आलो की जामा मशीद लागते. अहमदशाहनं १४११ साली हे शहर वसवलं आणि १४२४ साली ही मशीद पूर्ण झाली. बाहेर स्टीलची भांडी, ब्लाऊजपीस, चपला, हॉर्न, आणि पायऱ्या चढून आत गेलं की एकदम मोकळं अंगण. मधे हौद. समोर खांबांचं रान. हे खांब २६० आहेत म्हणतात. मोजायला गेलो आणि पन्नाशीच्या आसपास गोंधळ झाला. दर्शनी कमानीच्या दोन्ही बाजूंना मिनारांचे नुसते बुंधे आहेत. वरचे मिनार १८१९ च्या भूकंपात पडले. खांबांवरची नक्षी बघून बायको म्हणाली, ही कामं करणाऱ्या हातांनी देवळंही केली असणार. आणि खरंच, सुलतानाचा धर्म नवा होता, पाथरवट तर इथलेच होते.

आत उत्तरेच्या बाजूला खांबांवर तोललेलं एक जाळीदार दालन आहे. ते सुलतानासाठी होतं की राजघराण्यातल्या बायकांसाठी, यावर जाणकारांचं एकमत नाही. बायकोनं आपला निकाल लगेच दिला. "बायकांसाठीच असणार. सुलतान कशाला जाळीमागे बसेल?"

जोहरची अजान झाली. मी हौदावर वुजू केला, सफीत उभा राहिलो. ती बाजूच्या ओवरीत बसून राहिली. बार्शीत तिच्या माहेरापासून मशीद चाळीस पावलांवर आहे. अजान तिच्या स्वयंपाकघरात ऐकू येते, पण ती आयुष्यात एकदाही त्या मशिदीत गेलेली नाही. गावातल्या कुठल्याच बाईनं तो उंबरा ओलांडलेला नाही. पुण्याच्या एका मुस्लिम दांपत्यानं २०१९ साली याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं २०२० मध्ये न्यायालयाला सांगितलं की बायकांना मशिदीत नमाजला यायला धर्माची मनाई नाही. मनाई नाही, आणि जागाही नाही. आपल्याकडचे बरेच हक्क या दोन वाक्यांच्या मधे अडकलेले असतात.

नमाज संपवून मी आलो तर ती फोन बघत होती. धाकट्या भावाचा मेसेज होता. "आपा, कागज तय्यार है. सोमवार कू आके सही करना."

इथं थोडं मागं जायला हवं. माझे सासरे दीड वर्षापूर्वी वारले. बार्शी तालुक्यात त्यांची सहा एकर जमीन. ज्वारी, तूर, आणि अलीकडे बोअर मारल्यापासून थोडं सोयाबीन. मागे सासूबाई, दोन मुलगे, दोन मुली. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागली, आणि मग दुसऱ्या कागदाची गोष्ट सुरू झाली. त्याचं नाव हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं, फोटो काढायचा, अंगठा टेकवायचा, आणि भावांच्या प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, आपण आपला हक्क सोडत आहोत असं लिहिलेल्या कागदावर सही करायची. मोठ्या बहिणीनं केली होती. जेवायला वांग्याची भाजी आणि शीरखुर्मा होता, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. सहीबद्दल ती काही बोलली नाही.

हिशेब काही अवघड नाही. सहा एकर म्हणजे २४० गुंठे. शरियतप्रमाणे बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे सासूबाईंचे ३० गुंठे. राहिले २१०. त्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. दोन भावांना सत्तर-सत्तर, दोन बहिणींना पस्तीस-पस्तीस. सूरह निसामध्ये हे इतकं स्पष्ट सांगितलंय की सातवी शिकलेल्या पोरालाही गणित सुटेल. थोडं असो की फार, बाईचा हिस्सा ठरलेला आहे, असं त्याच सूरहच्या सातव्या आयतीत आहे. मुलाच्या निम्मं का, यावर आपल्याकडचे सुधारक आणि मौलाना तासनतास भांडतात. भांडावंही. पण गावाकडे प्रश्न निम्म्याचा नसतोच, तिथं शून्याचा असतो. तलाकवर, बुरख्यावर, पर्सनल लॉवर रस्त्यावर उतरणारे आपले लोक शेतजमिनीचा विषय निघाला की एकदम रिवाजाचे होतात. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली होती, ती चुकून वगळली गेली नव्हती. आणि हे फक्त आपल्यातच आहे असंही नाही. माझ्या शाळेतले देशमुख-पाटील सहकारी सांगतात ते शब्दाशब्दानं हेच आहे. बहिणीला कायद्यानं समान वाटा आहे, आणि बहीण रक्षाबंधनाच्या आगेमागे येऊन सही करून जाते. माहेर तुटू नये म्हणून.

मी या बाबतीत तोंड उघडत नव्हतो. उघडलं असतं तर तिच्या माहेरी एकच वाक्य निघालं असतं, दामादनं शिकवलं. तिचा हक्क माझी हाव होऊन बसला असता. आमच्या घरात वाटायला काहीच नव्हतं. अब्बा सूतगिरणीत होते, त्यांनी मागं एक सायकल आणि एक विमा पॉलिसी सोडली. त्यामुळे बहिणींच्या बाबतीत मी सभ्य राहिलो यात माझी काही थोरवी नाही.

मेसेज वाचून तिनं फोन पर्समध्ये टाकला. "चलो," म्हणाली.

मशिदीच्या पूर्वेच्या दरवाजातून बाहेर पडलं की समोरच बादशाहनो हजीरो, म्हणजे अहमदशाहची कबर. १४४२ साली तो वारला. मुलगा आणि नातूही त्याच्या शेजारीच आहेत. कबरीच्या आतल्या दालनात बायकांना प्रवेश नाही. पुरुषांनी डोकं झाकून जायचं. ती बाहेर जाळीशी उभी राहिली, मी रुमाल बांधून आत जाऊन आलो. आत अंधार, उदाचा वास, हिरवी चादर. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, काय होतं? मी सांगितलं. ती म्हणाली, वर्गातल्या पोरांना मी या माणसाचं सन-सनावळीसकट सगळं सांगू शकते, आणि बघायला तुम्हाला पाठवावं लागतं.

तिथून माणेक चौक ओलांडला की राणीनो हजीरो. तिथं सुलतान घराण्यातल्या राण्यांच्या कबरी आहेत. जोत्यावर चढायच्या पायऱ्या शोधाव्या लागतात, कारण चहूबाजूंनी घागरा-चोळ्या, बांधणीच्या ओढण्या, ऑक्साइडचे दागिने आणि आरशांच्या झालरी लटकलेल्या. राण्यांच्या कबरींभोवती बायकांचा बाजार भरलाय आणि तो जोरात चाललाय. तिथं मात्र तिनं मलाच बाहेर उभं केलं आणि पोरीसाठी चनिया-चोळी घेतली. नऊशे सांगितली, साडेचारशेला मिळाली. घासाघीस करताना तिची गुजराती ऐकण्यासारखी होती. मराठीला 'छे' लावून ती काम भागवत होती.

दुपार टळायला लागली तेव्हा आम्ही उलटे पश्चिमेला निघालो, तीन दरवाजाकडे.

हा दरवाजा शहराच्या वेशीचा नाही. बादशाही मैदानात शिरायचा आहे. शहर वसल्यावर थोड्याच वर्षांत बांधलेला. तीन कमानी, मधली रुंद. आज त्याखालून स्कूटर जातात, हातगाड्या जातात, पर्स-बांगड्या-मोजे विकणारे ओरडत असतात. दरवाजातच एका कोनाड्यात एक दिवा तेवतो. त्याची कथा अशी सांगतात की लक्ष्मी हे शहर सोडून निघाली होती. रात्री दरवाजावर सिद्दीक नावाच्या कोतवालानं तिला अडवलं. म्हणाला, सुलतानाची परवानगी घेऊन येतो, तोवर थांब. लक्ष्मीनं शब्द दिला. कोतवाल गेला आणि त्यानं स्वतःची मान उतरवून दिली, म्हणजे तो परत यायचा नाही आणि तिला शब्दामुळे जाता यायचं नाही. तो दिवा तिच्यासाठी आहे, आणि तो तेवत ठेवायचं काम एक मुसलमान घराणं करत आलंय. अशा कथा खऱ्या की खोट्या हे विचारू नये. कुणी त्या जपल्या ते बघावं.

पण बायको दिव्यासाठी आली नव्हती. ती कमानीच्या दगडाकडे बघत होती. "ये देखो," ती म्हणाली. "इसके वास्ते आये अपन."

एक शिळा. देवनागरी अक्षरं. गर्दीत उभं राहून ती नीट लागत नव्हती, पण तिनं मजकूर आधीच वाचून, फोनमध्ये उतरवून आणला होता. पेशवे आणि गायकवाड यांनी मिळून हे शहर घेतलं, आणि १८१७ पर्यंत इथं मराठ्यांचा अंमल होता. त्या काळात, १८१२ साली, इथला सुभेदार चिमणाजी रघुनाथ यानं हा हुकूम दगडात कोरून भर बाजारात लावला. मुलीला बापाच्या मालमत्तेतला तिचा वाटा कसलीही आडकाठी न करता द्यावा, असा त्याचा आशय. विश्वनाथाची ही आज्ञा आहे. जो मोडेल, तो हिंदू असेल तर त्याला महादेवाला जाब द्यावा लागेल, आणि मुसलमान असेल तर अल्लाला नाहीतर रसूलला.

मी दोनदा ऐकून घेतलं. एका मराठी अंमलदारानं, गुजरातेत, सुलतानानं बांधलेल्या दरवाजावर, मुलींच्या हिश्शासाठी महादेव आणि अल्ला दोघांनाही साक्षीला बोलावलंय. मराठ्यांचा इतिहास आपण शाळेत वर्षानुवर्षं शिकतो. त्यात तलवारी असतात, तह असतात, घोडे असतात. हा दगड कुणी शिकवला नाही. इतिहासाच्या बाईंनाही तो पुस्तकात मिळाला नव्हता, दुसरं काही शोधताना सापडला होता. आणि आपल्याला जो मराठा-मुसलमान इतिहास भाषणांतून ऐकवला जातो, त्यात तर याला जागाच नाही, कारण यात कुणी कुणाला मारत नाही.

"लेकिन एक बात है," ती म्हणाली. "शाळेच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' कुठं लिहितात? जिथं लोक थुंकतात तिथं." म्हणजे १८१२ साली पोरींचा वाटा दोन्हीकडचे लोक खात होते. खात नसते तर सुभेदाराला पाटी कशाला लावावी लागली असती, आणि दोन-दोन देवांची धमकी कशाला द्यावी लागली असती.

ती तिथं बराच वेळ उभी होती. पर्सवाल्यानं तिला गिऱ्हाईक समजून तीन पर्स दाखवल्या. मी बाजूला जाऊन शेंगदाणे घेतले. काही वेळा माणसाला एकटं सोडावं लागतं, आणि गर्दीच्या रस्त्यात त्याला दहा पावलं पुरतात.

शेजारच्या भटियार गल्लीत जेवलो. भटियाऱ्यांची ही जुनी गल्ली, मोठमोठे टोप, तंदूरची धग. कबाब, नान, आणि मिरचीचा असा रस्सा की डोळ्यांतून पाणी. दिवसभर शाकाहारी पाट्या बघून माझा जीव कासावीस झाला होता. जेवताना ती हक्कसोडपत्राबद्दल एक अक्षर बोलली नाही. नानच्या आकाराबद्दल बोलली.

पुढचा दिवस सांगण्यासारखा आहे, पण थोडक्यात सांगतो. भद्रचा चौक आता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केलाय, तरी फेरीवाल्यांतून वाट काढावी लागते. तिथल्या आजमखानाच्या सराईच्या एका खोलीत भद्रकालीचं देऊळ आहे, तेही मराठ्यांच्या काळातलं. मग सीदी सैयदची मशीद, १५७२-७३ सालची, आज चहूबाजूंनी वाहतुकीत सापडलेली. दगडाची ती जाळी, झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. आयआयएमनं आपलं चिन्ह तिच्यावरून घेतलंय. सीदी म्हणजे हबशी. आपल्याला सिद्दी म्हटलं की जंजिराच आठवतो, पण इथं एका सिद्दीनं दगडाची लेस विणून ठेवलीय. मधली एक कमान मात्र साध्या दगडांनी बुजवलेली आहे, तिथली जाळी नाही. उतरतं ऊन जाळीवर होतं तोवर आम्ही समोरच्या फुटपाथवर बसून राहिलो. ती एवढंच म्हणाली, "बाजी होत्या तशाच सही करून आल्या." बाजी म्हणजे तिची मोठी बहीण. मग थोड्या वेळानं, "अब्बांनी मला एकदा बांधावर नेऊन दाखवलं होतं, ही चिंच तुझ्या जन्माच्या वर्षी लावली. चिंच कुणाच्या गुंठ्यात येते कुणास ठाऊक."

लाल दरवाजाला एक चहाचं हॉटेल आहे, लकी नावाचं. तिथं टेबलांच्या मधेच कबरी आहेत. हिरव्या रंगवलेल्या, छोट्या कठड्यांच्या, वर ताजी फुलं. वेटर त्यांना वळसा घालून ट्रे नेतात. भिंतीवर एम. एफ. हुसेन यांचं चित्र लावलंय, ते या हॉटेलात चहाला येत. हुसेन जन्मले पंढरपुरात. म्हणजे बायकोच्या जिल्ह्याचे. तिला हे कळल्यावर तिनं दुसरा चहा मागवला आणि त्याचे पैसे मला देऊ दिले नाहीत. जिल्ह्याचा मान, म्हणाली. मस्का बन चांगला होता.

रात्री परत माणेक चौक. दिवसा जिथं सराफांची दुकानं होती तिथं शटरं खाली, आणि चौकभर खाण्याच्या गाड्या. डोसे, पावभाजी, सँडविच, कुल्फी, आणि प्रत्येकावर चीजचा डोंगर. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी एक मोठं जैन कुटुंब, पलीकडे बुरख्यातल्या चार पोरी सेल्फी काढत. पाय इतके दुखत होते की मी चप्पल काढून जमिनीवर टेकवले होते. आम्ही एक सँडविच दोघांत घेतलं.

तिनं फोन काढला आणि भावाला लावला. माझ्यासमोरच, स्पीकर न लावता. पण तो मोठ्यानं बोलतो, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"सोमवार कू आती मैं," ती म्हणाली. "सही करने कू नै. मोजणी करने कू. मेरे पस्तीस गुंठे मेरे नाम पे रहन दे. कसना तूच. खंड नक्को मेरेकू, ज्वारी का एक कट्टा दे साल का."

पलीकडे बराच वेळ काही नाही. कुणाच्या तरी गाडीचा आवाज, कुत्रं.

"दुल्हेभाई बाजू में हैं क्या?" त्यानं विचारलं.

"हैं. सँडविच खा रैं."

पुन्हा काही नाही. मी खरंच सँडविच खात होतो, आणि तोंडातला घास गिळू की नको असं झालं होतं.

"अम्मा कू बोली क्या तू?"

"अम्मा के भी तीस हैं," ती म्हणाली. "वो भी मोजने के."

मग तो म्हणाला, बघू. मग म्हणाला, बाजी पण आता मागेल. ती म्हणाली, मागू दे. मग दोघंही गप्प. भाऊ-बहीण एकमेकांचा फोन ठेवत नव्हते एवढंच मला दिसत होतं. शेवटी त्यानं विचारलं, हुआं ठंड है क्या, और खाना क्या मिलता? ती त्याला मस्का बन, नान आणि चीजच्या डोंगराबद्दल सांगायला लागली. मी कुल्फी आणायला उठलो.